चौथ्या रिळातला अश्रू

३ फेब्रुवारी, सोमवार

काय झालं ते आधी कोरडं लिहून ठेवते.

१. गेल्या शुक्रवारी लेनोर ॲशबीच्या शेवटच्या सिनेमाचं चौथं रीळ मी फ्रेम-फ्रेम तपासून संपवलं. ओरखडे पुसणारा फिल्टर तिच्या क्लोज-अपवर मुद्दाम बंद ठेवला होता. तशी नोंदही केली होती.
२. वीकेंडला तो फिल्टर अख्ख्या रिळावर चालवला गेला.
३. क्लोज-अपमध्ये तिच्या डाव्या गालावरून एक अश्रू उतरतो. फिल्टरला ती उभी पांढरी रेघ वाटली. त्याने पुसली.
४. आज सकाळी फाईल 'तपासून मंजूर' म्हणून क्लायंटकडे, म्हणजे सिनेमा पुन्हा दाखवणाऱ्या कंपनीकडे, गेलेली होती. तपासणाऱ्याचं नाव: माझं.
५. मी मंजूर केलेली नाही.

गाल आता इस्त्री केल्यासारखा दिसतो. डोळे भरलेले, ओठ थरथरतायत, आणि गाल कोरडा. बघणाऱ्याला वाटेल, बाईला अभिनय येत नव्हता.

सुहासदादा (पुढे सु.) दिवसभर मीटिंगमध्ये. उद्या.


४ फेब्रुवारी

सु.ला किचनमध्ये गाठलं. तो आमच्या टीमचा हेड. फिल्टर त्यानेच चालवला. लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने लिहिते.

"अगं, उभी पांढरी रेघ, दोन सेकंद स्क्रीनवर. ओरखडा नाही तर काय?"

"ती मान वळवते तेव्हा रेघ तिच्याबरोबर वळते. गालाच्या हाडावरून वाकते. ओरखडा फिल्मवर असतो दादा, चेहऱ्यावर नसतो."

लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. आधीचं, नंतरचं. त्याने पाहिलं. त्याला दिसलं, हे मला दिसलं. मग तो किटलीकडे वळला.

"शार्प आहेस. पण क्लायंटने बघितलंय. त्यांना आवडलंय. लेट इट गो."

"आणि माझं नाव?"

"सिस्टिममध्ये रीळ तुझ्या नावावर होतं. ऑटोमॅटिक आलं."

ऑटोमॅटिक. या लॅबमध्ये सगळं आपोआप होतं. करणारा कोणी नसतोच.


५ फेब्रुवारी

सु.बद्दल रागाने लिहायला जड जातं. मी पहिल्यांदा आले तेव्हा हीथ्रोला घ्यायला तोच आला होता. नागपूरचा, बारा वर्षं इथे. मेडनहेडमध्ये खोली मिळेपर्यंत वैशालीवहिनींच्या हातचं जेवले. ऑफिसातले गोरे त्याला 'सू' म्हणतात, तो चालवून घेतो. मी 'दादा' म्हटलं की खूश होतो.

म्हणूनच कदाचित त्याला वाटलं, ही काही बोलणार नाही.


६ फेब्रुवारी

आज पोस्टरची फाईल आली. तिचा चेहरा, खाली मोठ्या अक्षरांत: 'ती कधीच रडली नाही.'

आत्ता कळलं, क्लायंटला का आवडलं.

तीन सिनेमे माझ्या हाताखालून गेलेत तिचे. तिच्याबद्दल जे मिळालं ते सगळं वाचलंय. खरं नाव डोरा. बाप न्हावी, गाव धान्याच्या कोठारांचं. एकोणिसाव्या वर्षी हॉलिवुडच्या स्टुडिओचा सात वर्षांचा करार. नाव बदललं, आवाज खालच्या पट्टीत आणायला लावला. भुवया काढल्या, त्या नीट परत आल्याच नाहीत. मग जन्मभर पेन्सिल. दुसऱ्या सिनेमात ती रडली. निर्मात्याने ते बघितलं आणि म्हणाला, हा चेहरा थंडच विकला जाईल. प्रसिद्धी खात्याने लगेच बातमी सोडली, की ही बाई रडत नाही. त्यानंतर रडायचा प्रसंग आला की तिला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं करायचे. समीक्षकांनी त्याला 'संयम' म्हटलं. ती अडतिसाची झाल्यावर त्याच समीक्षकांनी त्यालाच 'लाकडी' म्हटलं.

एक भूमिका नाकारली तर तिला घरी बसवलं, पगार बंद. आणि बसवलेले महिने कराराच्या शेवटी जोडले. अशी सातांची नऊ वर्षं झाली.

मग एका सिनेमासाठी इंग्लंडला आली ती परत गेली नाही. ब्रिस्टलच्या विमान कारखान्यातल्या एका ड्राफ्ट्समनशी लग्न. शेवटचा सिनेमा इथेच, थेम्सकाठच्या भाड्याच्या स्टुडिओत, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तिची एकच अट होती. लेन्सवर जाळी लावायची नाही. सुरकुत्या दिसू देत.

तिने मागून घेतलेला चेहरा. आणि आम्ही तो 'क्लीन' केला.


८ फेब्रुवारी, शनिवार

ब्रिस्टल. मिसेस हॅलमना त्यांचे फोटो परत द्यायला. (स्कॅनिंगसाठी दिले होते. पोस्टाने पाठवता आले असते.) लेनोरच्या नवऱ्याची भाची. ऐंशीच्या घरात, ताठ, गुडघा दुखतो तो सोडून. त्या तिला 'आँटी डो' म्हणतात.

चहा, बिस्किटं, बागेतल्या खारींबद्दल तक्रार. मग एकदम हसायला लागल्या.

"रडत नाही म्हणे! डिअर, ती बातम्या ऐकून रडायची. कुत्रं हरवलं म्हणून रडली, सापडलं म्हणून जास्त रडली. अंकल जेफ्री म्हणायचे, डो, थोडं उद्यासाठी ठेव."

मग कप खाली ठेवला.

"मला एक सांग. त्या शेवटच्या सिनेमात ती रडते ना? मी अकरा वर्षांची होते. थिएटरात तिच्याशेजारी बसले होते. गालावरून एक थेंब, इथून इथे. दिवे लागल्यावर ती म्हणाली, 'हा माझा. कोणाला विचारून नाही केला.' नंतर टीव्हीवर दोनदा बघितला. इतका काळवंडलेला, काही दिसेना. माझा भाऊ म्हणतो, तू मनानेच रचलंस. आता मलाही वाटायला लागलंय, रचलंच असेल."

मला माहीत होतं. त्या शॉटची फ्रेम न् फ्रेम मला पाठ आहे. पण काम बाहेर पडेपर्यंत बोलायचं नाही, अशी सही केलेली आहे. आणि बोलून काय सांगणार होते? थेंब आहे, पण तुम्हाला दाखवणार आहोत त्यात नाही?

"मी बघून सांगते," म्हटलं.

लंडनच्या शोचं आमंत्रण त्यांनी फ्रिजवर लावलंय. १ मार्च. भावालाही घेऊन जाणार आहेत. "त्याला एकदाच दाखवून गप्प करायचंय."

परतताना रेडिंगला गाडी बदलताना चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहिले. असं माझं होत नाही.


१० फेब्रुवारी

सु.शी दुसरी फेरी. या वेळी दार लावून.

"पोस्टर छापून झालंय."

"मग पोस्टर चुकलंय."

"पोस्टर कधी चुकतं का? सिनेमा चुकतो." स्वतःच हसला. मी नाही हसले. "हे बघ, क्लायंटला माहितीये. मी सांगितलं त्यांना, टेक्निकली तो टिअर असू शकतो. ते म्हणाले, लीव्ह इट. कॅम्पेनशी मॅच होतंय."

म्हणजे गेल्या सोमवारी ती चूक होती. आता तो निर्णय आहे.

"दादा, आपण रिस्टोरेशन करतो."

"आपण डिलिव्हरी करतो, केतकी."

मग अगदी मायेने: "तुझं व्हिसा रिन्यूअल एप्रिलमध्ये ना? मीच पेपर्स टाकणारे. उगाच आत्ता वातावरण बिघडवू नकोस."

धमकी नव्हती ती. त्याला खरंच काळजी वाटते. त्यानेच जास्त डोकं फिरलं. धमकीला उत्तर देता येतं. काळजीला 'थँक्यू' म्हणावं लागतं. म्हटलं.


१२ फेब्रुवारी

आईचा फोन. सगळं सांगितलं नाही, पण सांगितलं.

"कोण ही बाई?"

"जुन्या काळातली हॉलिवुडची हिरॉइन."

"तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

"गेली ना ती?"

"चाळीस वर्षं होत आली."

"मग तिला आता काय फरक पडतो? तुझा व्हिसा जिवंत आहे, त्याचं बघ."

"खाली माझं नाव आहे, आई."

"मग नाव काढायला सांग की! एवढी इंजिनिअर झालीस, हे सुचलं नाही? बरं ठेवते, दूध उतू जातंय."

खरंच, नव्हतं सुचलं.


१३ फेब्रुवारी

मी विचारायच्या आधीच सु.ने देऊ केलं. "नाव काढतो तुझं. माझं टाकतो. हॅपी?"

दुपारपर्यंत मी हॅपी होते. तेही लिहून ठेवते. छान जेवले, दुसऱ्या एका सिनेमाचं पहिलं रीळ सुरू केलं, हात हलका चालला.

मग लक्षात आलं, याने फक्त मी सुटते. गाल तसाच. मिसेस हॅलम भावाला घेऊन बसणार, तो क्लोज-अप येणार आणि जाणार, आणि भाऊ फक्त त्यांच्याकडे बघेल. उरलेलं आयुष्य त्या धरून चालतील की आपण मनानेच रचलं होतं.

सु.ला सांगितलं, नाव राहू दे. तो म्हणाला, "तुला नक्की काय हवंय?"

"तो शॉट."


१७ फेब्रुवारी, सोमवार

३१ जानेवारीची माझी मूळ फाईल सर्व्हरवर आहे. तोच एक शॉट तिथून उचलून बसवायचा. अर्ध्या तासाचं काम. म्हणजे वेळ नाही, हे कारण खोटं आहे. गेल्या आठवड्यात सु.ने मेलमध्ये तेच कारण दिलं होतं, म्हणून हिशेब लिहिला.

सकाळी शॉट उचलायला गेले. चौथ्या रिळाचा फोल्डर बंद. 'तुम्हाला परवानगी नाही.' मी पाच आठवडे ज्यावर काम केलं त्याची परवानगी मला नाही.

जागेवरून उठले नाही. उठले असते तर ओरडले असते. काचेच्या पलीकडे सु. फोनवर. माझ्याकडे बघून त्याने हात केला. नेहमीसारखा. त्याला खरंच वाटतं की हे कामाचं आहे आणि आम्ही दोघं ठीक आहोत.

लेनोरलाही असंच वाटायला लावलं असेल. 'तुझ्याच भल्यासाठी.' पाठ करून उभी राहा, भुवया काढू दे, घरी बस. कोणी वाईट नव्हतं. सगळ्यांना तिची काळजी होती.


१८ फेब्रुवारी

वैशालीवहिनींचा मेसेज, रविवारी जेवायला ये, पाटवडी करतेय. 'येते' लिहिलं. मग पुसलं. अजून उत्तर दिलेलं नाही.

मिसेस हॅलमचाही फोन येऊन गेला. घेतला नाही. व्हॉइसमेल: "घाई नाही, डिअर. फक्त तू म्हणाली होतीस, बघून सांगते."


१९ फेब्रुवारी, बुधवार

मेल पाठवला. सु.ला, आणि प्रत क्लायंटला. इंग्लिशमध्ये गेला. आधी मराठीत लिहिला होता, कारण खरं म्हणजे तो सु.ला आहे. तो इथे ठेवते:

सुहासदादा,

चौथ्या रिळातल्या क्लोज-अपमधली रेघ हा ओरखडा नाही. तो अश्रू आहे. तुम्ही तो पाहिला आहे आणि क्लायंटलाही कळवला आहे.

सिनेमागृहाकडे फाईल सोमवारी जाते. माझी विनंती एकच आहे: तो शॉट मूळ स्वरूपात परत बसवावा. काम मी करते. त्यासाठी फोल्डर उघडून द्यावा.

ते होणार नसेल तर माझं नाव काढू नये. तपासणीच्या नोंदीत माझ्या नावापुढे 'नामंजूर' असं लिहावं आणि कारण द्यावं. मिसेस हॅलम यांना शोच्या आधी कळवावं, की त्यांना जे आठवतं ते सिनेमात होतं आणि आपण ते काढलं आहे. ते कोण कळवणार, हेही सांगावं. तुम्ही किंवा क्लायंट कळवणार नसाल तर मला तशी लेखी मोकळीक द्यावी.

एप्रिलच्या कागदपत्रांचा याच्याशी संबंध जोडायचा असेल तर तोही लेखी जोडावा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी, दुपारी बारापर्यंत उत्तर द्यावं.

केतकी