आजारी ओळ उपटू नका

३ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमच्या जाळीघरात रोपं लावून मी सुखरूप पोचले. कंबर कामातून गेली आहे, पण तक्रार नाही. मी समजावून सांगत होते तेव्हा तुमचं सगळं लक्ष पाण्याच्या नळीकडे होतं, म्हणून पुन्हा लिहिते.

एक ओळ तुमच्या साध्या खरबुजाची, एक आम्ही बदललेल्या खरबुजाची, अशा आलटूनपालटून ओळी आहेत. वाण एकच, तुम्ही उभा जन्म निवडून निवडून गोड केलेला. फरक एका जनुकाचा. दरसाल तुमचे वेल मारणाऱ्या विषाणूला एकट्याने काही जमत नाही. झाडाच्या पेशीतलं एक प्रथिन हाताशी धरून तो वाढतो. ते बनवणाऱ्या जनुकालाच आम्ही नेमक्या जागी कात्री लावली. झाडाकडे त्याच कामाचं दुसरं प्रथिन असतं, त्यामुळे त्याचं अडत नाही, विषाणूचं अडतं. निदान प्रयोगशाळेत तरी अडलं. बाहेरचं काही घातलेलं नाही, तेव्हा काकूला सांगा, खरबुजाला शिंगं फुटणार नाहीत.

रोग पसरवणारा मावा मी स्वतःच मुद्दाम जाळीघरात सोडून आले आहे. तुमच्या डब्यातलं जुनं बी आता धड उगवत नाही. ह्या खेपेला जमलं नाही तर हा वाण संपलाच, आणि आमच्या साहेबांनीही हा शेवटचा हंगाम म्हणून बजावलं आहे. रोपांची नेहमीसारखी निगा राखा. आहे तो लोभ वाढवत राहा.

तुमची भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझा काका अजून म्हातारा झालेला नाही, हे कळवायला आनंद होतो. परवा साध्या ओळींतली पानं पिवळी पडून आकसायला लागली. मी पडलो बियाणेवाला. रोगट झाड दिसलं की माझे हात शिवशिवतात. एका सकाळीत झाडून सगळी उपटली! तुझ्या ओळी कशा तरारून उभ्या आहेत. आता जाळीघरात रोगाचं नाव नाही, साहेबांना खुशाल पाठव. काकूचं म्हणणं, आधी तुला विचारायला हवं होतं. तिला शंका काढायची सवयच आहे.

शाबासकीची वाट पाहणारा,
तुझा काका

२७ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

काय करून बसलात हे! साधी झाडं आजारी पडलेली दिसली, तरच बदललेली टिकली ह्याला काही अर्थ. आता कुणीही म्हणेल की मावा माझ्या ओळींकडे फिरकलाच नसेल. साहेब आजारी झाडं कुठे म्हणून विचारतील, तेव्हा काय तुमचा उत्साह दाखवू? मी डोक्याला हात लावून बसले आहे.

काकू, आता तूच सांग. उपटलेली झाडं कुठे टाकली? साधं एखादं रोप तरी उरलंय का? काकांवर रागावले आहे. नमस्कार मात्र पुरता आहे.

भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरीस पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून हे धड जेवलेले नाहीत. जाळीघराकडे जातात आणि दारातूनच परत फिरतात. एवढ्या संसारात मला ह्यांना गप्प बसवता आलं नाही, ते तू एका पत्रात करून दाखवलंस. पण खरं सांगते, मला ती शांतता नको झाली आहे. काल म्हणाले की इतकी वर्षं जपलेला वाण शेवटी आपल्याच हातांनी घालवला.

उपटलेली झाडं बाहेर गेलीच नाहीत. ह्यांची कंबर धरली, म्हणून तुझ्या हिरव्या ओळींच्या बुंध्याशीच ढीग घातला. ढीग सुकत गेला तसा त्यातला मावा उठून तुझ्या झाडांवर जाऊन बसला. पानांखाली नुसता बुजबुजाट होता, मी डोळ्यांनी पाहिला. लावून उरलेली साधी रोपं ह्यांनी फेकायला सांगितली होती. जितं रोप माझ्याच्याने फेकवत नाही, म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवली आहेत. जरा लांबुडकी झालीत, पण जगलीत. ह्यांना चार बरे शब्द लिही गं.

तुझी काकू

६ मार्च

ती. काकूस सा. न.

तू काय लिहून गेलीस, तुला कळलं तरी का? आजारी झाडाचा रस पिऊन उठलेला भुकेला मावा थेट माझ्या झाडांवर गेला! इतकी कडक परीक्षा घ्यायची हिंमत मला झाली नसती. आणि झाडं अजून हिरवी! मी प्रयोगशाळेत उडी मारली, शेजारच्या टेबलावरची बाई दचकली.

ती उरलेली रोपं रिकाम्या ओळींत लावा. मी शनिवारी ताजा मावा घेऊन येते. काका, राग कधीच गेला. आता तुमच्यासाठी सगळ्यात अवघड काम आहे, काहीही न करण्याचं. झाडं पिवळी पडतील, आकसतील, माना टाकतील. तुम्ही हात खिशात ठेवा. तेवढी माया करा.

भिंगरी

२८ एप्रिल

चि. भिंगरीस अनेकानेक आशीर्वाद.

ज्याने झाड बदललं त्याने तपासणीला हजर राहायचं नाही, हा तुमचा नियम मला भारी आवडला, कारण सगळा मान मला मिळाला. साहेब ओळीओळीतून फिरले. एका बाजूला वाळून कोळ झालेली झाडं, हातभर अंतरावर फळांनी लगडलेले वेल. त्यांनी दोन्हींकडची पानं तोडून तपासायला पिशव्यांत भरली. मग विचारलं की मी काय काय केलं. म्हटलं, काही केलं नाही, आणि तेवढं करताना जीव गेला माझा. रोज ती झाडं बघत होतो आणि काकू माझे हात बघत होती.

पानांचा निकाल तुला कळलाच असेल. आजारी ओळी विषाणूने गच्च, तुझ्या ओळींत तो औषधालाही नाही. पण मला धास्ती होती ती चवीची. झाड वाचलं आणि गोडी गेली, तर उपयोग काय? काल पहिलं फळ कापलं. काकू कसं आहे म्हणून विचारत राहिली, मी दुसरी फोड तिच्या हातात दिली. माझंच खरबूज होतं ते, भिंगरी. तोच वास, तीच साखर. ह्या वयात बायकोसमोर रडलो आणि लाज वाटली नाही.

घरभर बी धुऊन सुकायला पसरलं आहे. पाय ठेवायला जागा नाही, काकू भिंतीला धरून चालते. रोगापायी खरबूज लावणं सोडून दिलेले शेजारी दारातून डोकावून जातात. परवानगी मिळाली की पहिली मूठ त्यांची, असं सांगून ठेवलंय. माझ्यामागे हा वाण राहणार नाही असं मी धरूनच चाललो होतो. आता तो राहणार, मी असेन नसेन. तू केलंस हे. लवकर ये, पण दारातच चपला काढ आणि जपून पाऊल टाक.

तुझा, जिंकलेला,
काका