ओढून न पाहिलेला जोड

४ फेब्रुवारी

ती. मोठ्या काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या चारही गाड्या सुखरूप फिरत असतील. रविवारी तुमच्याकडे ट्रक चालवायचं काम मागायला आले, तेव्हा चार ड्रायव्हरांसमोर तुम्ही जे बोललात ते घरी जसंच्या तसं सांगितलं. ज्याला ट्रेलर धड जोडता आला नाही त्या बापाची मी लेक, असं तुम्ही म्हणालात आणि चौघेही हसले. आई ताटावरून उठली. बाबा गप्प राहिले. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीचा ट्रेलर उतारावर सुटून गोदामाच्या भिंतीत घुसला, तेव्हापासून ते गप्पच आहेत. डेपोच्या फाटकावर बसून ट्रकांचे नंबर लिहितात, आणि जाता-येता ड्रायव्हर विचारतात, फाटकाची कडी तरी नीट लावली ना म्हणून.

सोमवारपासून मी ट्रक चालवण्याच्या शाळेत जाते आहे. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. तुमची पायरी पुन्हा चढणार नाही, हे लिहून ठेवा. हा रुसवा नाही काका, राग आहे.

काकूंना नमस्कार. लोभ आधीच कमी आहे, आणखी कमी करू नका.

तुमची पुतणी

११ फेब्रुवारी

चि. शाळकरी पुतणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी काकू आणि मी पोट धरून हसलो. फळ्यावर ट्रक काढून तो वळवायला शिकवणार वाटतं! आम्ही शिकलो ते गाड्या धुऊन आणि शिव्या खाऊन. जोड बसला की खट्ट वाजतं. तो आवाज ज्याच्या कानात बसला, त्याला सर्टिफिकेट कशाला हवं?

तुझा बाप माणूस सोन्यासारखा, पण वेंधळा. त्या दिवशी घाई होती म्हणून मी स्वतः ट्रेलर जोडून दिला, खट्ट वाजलेलं माझ्या कानांनी ऐकलं. त्याने नुसतं बसायचं आणि निघायचं होतं, तरी वाटेत त्याने घोळ घातलाच. असो. नापास झालीस तर लाजू नकोस, माझ्या ऑफिसात पावत्या लावायला माणूस हवाच आहे.

घरी सर्वांना आशीर्वाद. माया आहे म्हणून चिडवतो.

तुझा मोठा काका

२० एप्रिल

ती. मोठ्या काकांस,
सा. न. वि. वि.

पास झाले. शीतगृहाच्या कंपनीने शाळेतूनच उचललं. तुमचे ड्रायव्हर जी गाडी मिळायला पाच-पाच वर्षं वाट बघतात, ती मला पहिल्या दिवशी मिळाली.

फळ्यावर काय शिकवलं ते सांगते. ट्रेलर जोडल्यावर त्याचे ब्रेक लावून ठेवायचे, पहिल्या गिअरमध्ये गाडी हलकेच पुढे ओढायची, मग उतरून, वाकून, बॅटरीच्या उजेडात जोड डोळ्यांनी बघायचा. जोड अर्धवट बसला तरी खट्ट वाजतंच, ओढून पाहिलं तरच कळतं. हे कळलं त्या दुपारी मी वर्गाबाहेर जाऊन रडले.

अपघाताच्या चौकशीत तुम्ही सांगितलंत, ट्रेलर बाबांनी जोडला. मला लिहिता, तुम्ही जोडला. मी बाबांना विचारलं. त्यांची चूक एवढीच, की थोरल्या भावाने जोडलेलं पुन्हा ओढून बघणं त्यांना भावाचा अपमान वाटला. चौकशीतही ते त्याच कारणाने गप्प बसले. ते गप्प बसले असतील, मी बसणार नाही. तुमचं पत्र जपून ठेवलं आहे.

तुमची पुतणी

(दोन वर्षांनंतर) ९ ऑगस्ट

चि. लाडक्या पुतणीस,
अनेकानेक आशीर्वाद.

दोन वर्षांत तुझं पत्र नाही. काकू रोज आठवण काढते. तू त्याच शाळेत शिकवायला लागलीस हे ऐकून ऊर भरून आला. आमच्या घराण्यात शिकवणारी तू पहिलीच.

एक किरकोळ काम होतं. आता सगळ्या कंपन्या ड्रायव्हरांचं आणि मालकाचंही शाळेचं सर्टिफिकेट असल्याशिवाय माल भरू देत नाहीत. माझ्या चारही गाड्या महिनाभर उभ्या आहेत. या वयात पोरांबरोबर बाकावर बसणं शोभत नाही. माझ्या सर्टिफिकेटवर तू नुसती सही केलीस तर घरातली गोष्ट घरात राहील. झालं गेलं विसरून जावं.

तुझा काका

१४ ऑगस्ट

ती. मोठ्या काकांस,
सा. न. वि. वि.

सही मिळणार नाही, बाक मिळेल. सोमवारी सकाळी सात वाजता या. तुमचे ते चार ड्रायव्हरही त्याच वर्गात आहेत.

आमच्या शाळेची एक रीत आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली सगळ्यात मोठी चूक स्वतःच्या हाताने लिहायची आणि उभं राहून वाचायची. तुम्हाला आठवली नाही तर तुमचं अकरा फेब्रुवारीचं पत्र मी वाचून दाखवीन. बाबांनी त्या दिवशी रजा घेतली आहे. ते मागच्या बाकावर बसतील.

मी हे सूड म्हणून करते आहे. तुम्हाला दुसरं काही वाटू नये म्हणून स्पष्ट लिहिलं.

तुमची पुतणी

१८ नोव्हेंबर

चि. पुतणीस,
आशीर्वाद.

सर्टिफिकेट मिळालं. तू दोनदा नापास केलंस, दोन्ही वेळा बरोबर केलंस.

पहिल्या दिवशी वर्गात, ट्रेलर मीच जोडला आणि चौकशीत खोटं बोललो, हे मी वाचलं तेव्हा तुझा बाप उठून गेला. मला वाटलं, सुटलो. आज पहिला माल घेऊन डेपोतून निघताना फाटकाशी आलो. त्याने नंबर लिहिला, पण फाटक उघडलं नाही. चौकीतून बाहेर आला, वाकून माझा जोड पाहिला आणि म्हणाला, ओढून दाखव. मी ओढून दाखवला. म्हणाला, पुन्हा. मी पुन्हा दाखवला. तिसऱ्यांदाही सांगितलं. मागे सात गाड्या उभ्या होत्या, एकानेही हॉर्न वाजवला नाही. मग त्याने फाटक उघडलं, आणि मी बाहेर पडल्यावर माझ्यादेखत कडी लावली.

तुझा काका