बाटलीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
गॅसवर स्क्रूड्रायव्हर तापवून तेलाच्या बाटलीला भोकं पाडत होतो. चार पडली. चारही गोल. पाचवं पाडताना वहिनी उठून आली आणि बाटलीतलं तेल कुठे गेलं असं तिने विचारलं. पातेल्यात काढलंय, वर झाकणही ठेवलंय, असं सांगितलं. ती म्हणाली, भावोजी, टाकाऊतून टिकाऊ करताय ते चांगलंच आहे, पण वस्तूला आधी टाकाऊ तरी होऊ द्या.
मुद्दा नंतर विचारात घेईन.
कालची बैठक इथे नीट लिहून ठेवतो. दादा म्हणाला, अठ्ठावीस तारखेपर्यंत स्वतःच्या हातांनी काहीतरी कमावून दाखव, नाहीतर एक तारखेच्या बसने मामाकडे. मामाचं फरश्यांचं गोदाम आहे. मामा पहाटे पाचला उठतो आणि उठल्या उठल्या दुसऱ्यांचे पंखे बंद करतो. आपण फरश्या मोजत असलो की मागे उभा राहून मोठमोठ्याने भलतेच आकडे म्हणतो. माझं लक्ष पक्कं व्हावं म्हणून. मागच्या वर्षी मी तिथून पाठदुखीचं कारण सांगून परत आलो. पाठ खरोखरच दुखत होती, थोडी.
तिथे पुन्हा जाणार नाही. त्यासाठीच धंदा: घरातल्या रिकाम्या वस्तूंपासून पक्ष्यांसाठी फीडर. भांडवल शून्य.

४ फेब्रुवारी, शनिवार
मॉडेल क्रमांक एक तयार. उलटी बाटली, खाली आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण, आरपार दोन लाकडी चमचे. पक्ष्याने दांड्यावर बसायचं, दाणे चमच्याच्या खळग्यात आपोआप पडतात. भोकांच्या कडा काचपेपरने घासल्या, कुणाचा पाय कापायला नको. बाटली सोडा घालून तीनदा धुतली. तेलाचा वास गेला का हे दादाला हुंगायला सांगितलं. तो झोपेत होता, पण मान हलवली असं वाटलं.
चमचे वहिनीचे. दोरी म्हणून दादाच्या बुटाच्या नाड्या. ते बूट तो फक्त रविवारी घालतो.

५ फेब्रुवारी, रविवार
नाड्यांवरून बोलणी खाल्ली. तपशील लिहीत नाही.

६ फेब्रुवारी
चौकातल्या नर्सरीत गेलो. मालकांनी फीडर उलटसुलट करून पाहिला, चमच्याला टिचकी मारली, कडांवरून बोट फिरवलं. काम सफाईचं आहे म्हणाले. (त्यांच्या पाटीवर ‘रोपवाटिका’तला टि दीर्घ आहे, तो मी सौम्य शब्दांत लक्षात आणून दिला. ते म्हणाले, अकरा वर्षं झाडं तर विकली जातायत.)
मग म्हणाले, चाळीस नग घेतो, नव्वदप्रमाणे. पण गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, यावर पक्षी येतात का हो? तेव्हा खाताना पक्ष्याचा एक फोटो आणा. महिना संपायच्या आत. फोटो नाही तर ऑर्डर नाही.
एक फोटो! येताना मला हसूच फुटत होतं. घरी येऊन दादाला सांगितलं, मामाला कळवून टाक, दुसरा माणूस बघा म्हणावं. दादा म्हणाला, आधी पक्षी बघू दे.

७ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
फीडर गॅलरीत टांगला. बाजरी भरली. सहापासून शेजारीच स्टुलावर बसलो आहे, दोन हातांवर. याहून लांब बसलं तर माझ्या मोबाइलचा फोटो अंधुक येतो. दादाचं लाल हेल्मेट घातलं आहे, कारण कावळ्यांचा भरवसा देता येत नाही.
पक्षी: नाही.
मध्ये चहाला आत गेलो होतो. आलो तर बाजरी निम्मी. वारा असावा.

९ फेब्रुवारी
पक्षी नाहीत. या भागातले पक्षी एकूणच आळशी दिसतात. आंघोळीला गेलो तेवढ्यात दाणे पुन्हा कमी झाले. वारा नव्हता. वाळत घातलेला टॉवेल हललाही नव्हता.
बाटलीवर मार्करने रेघा मारल्या. आता कितीही सफाईने चोरी केली तरी कळेल.

११ फेब्रुवारी
चोरी उघड आहे. मी बसलो असताना रेघ जागच्या जागी. जेवायला गेलो की तीन रेघा खाली. म्हणजे माझ्यावर कुणाची तरी पाळत आहे.
दादाला विचारलं, तू बाजरी खातोस का. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि तो ऑफिसला गेला. उत्तर दिलं नाही याची नोंद केली आहे.
मॉडेल दोन (शाम्पूची बाटली, साबणदाणी) आणि मॉडेल तीन (दुधाचा कॅन, चहाची गाळणी) तयार करून टांगले. वहिनीने चहा कपड्यातून गाळला. कुरकुर न करता गाळला, म्हणजे तिलाही प्रकल्प पटू लागला आहे.

१३ फेब्रुवारी
चोर सापडला. मालकीणबाई.
या घराच्या मालकीण, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची गॅलरी बरोबर आमच्या खाली. आज दुपारी वर आल्या आणि वहिनीला म्हणाल्या, तुमच्या दिराला काय खूळ लागलंय? माझ्या कठड्यावर फोलपटांचा सडा, धुतलेल्या चादरींवर शीट. तिसऱ्यांदा धुतेय मी, हात बघ माझे.
वहिनी माफी मागत होती, पण मी सावध होतो. त्यांच्या कठड्यावर फोलपटं कशी? बाजरी तिथेच सोलली जाते म्हणून. काठीला काहीतरी बांधून खालून ओढत असणार. राहिली शीट. पक्षी तर एकही येत नाही, मग शीट येणार कुठून? ती त्यांनीच कुठून तरी आणून टाकली असावी. या वयात इतकी तयारी! मनातल्या मनात दाद दिली.

१५ फेब्रुवारी
वहिनीला माझा निष्कर्ष सांगितला. ती ब्रेड कापत होती. (आज सकाळी पिठाचा डबा मॉडेल चारसाठी घेतला, त्यामुळे भाकरीऐवजी ब्रेड.) सुरी खाली ठेवून ती म्हणाली, भावोजी, जरा आतून बघा ना. दाराआडून बघा. तुम्ही तिथे हेल्मेट घालून बसल्यावर माझीसुद्धा गॅलरीत यायची छाती होत नाही, चिमणीची कशी होईल?
तिला पक्ष्यांचं काही वाचन नाही. पक्ष्यांना अन्नदात्याची ओळख पटावी लागते. मी हा विषय मोबाइलवर बघितला आहे, निदान त्याचा पहिला परिच्छेद.
पण हेल्मेटचा मुद्दा घेतला. उद्यापासून रंग बदलतो.

१६ फेब्रुवारी, सकाळी ८
हिरवी चादर अंगावरून घेतली, डोळ्यांपुरती भोकं कापली (चादर जुनी आहे, वहिनी नवी म्हणते). कुंडीतल्या फांद्या डोक्याला बांधल्या. स्टुलावर झुडुपासारखा बसलो.
साडेसातला खाली मालकीणबाई कपडे वाळत घालायला आल्या. चोरीचा क्षण टिपावा म्हणून मी कठड्यावरून हळूच वाकलो. त्यांनी वर पाहिलं.
एवढ्या जोरात ओरडण्याची गरज नव्हती. दादा टॉवेलवर धावत आला. समोरच्या इमारतीतले सगळे खिडकीत. मी परिस्थितीचा फायदा घेऊन तिथूनच विचारलं, की बाई, माझी बाजरी तुम्ही नेता का, काय ते एकदा खरं सांगा.
आता दादा खाली त्यांच्याकडे गेला आहे. अजून वर आलेला नाही.

१६ फेब्रुवारी, रात्री
मालकीणबाई म्हणाल्या, सात वर्षांत तुमचं भाडं एकदा उशिरा आलं नाही म्हणून गप्प बसते. पण ते झाड तरी ठेवा नाहीतर घर तरी ठेवा.
दादा चिडला नाही. हे मला काही बरं वाटलं नाही. जेवताना इतकंच म्हणाला, की अरे, हिची नोकरी इथून चालत दहा मिनिटांवर, मला या भाड्यात दुसरं घर मिळणार नाही. तू एवढी भोकं पाडलीस, माझ्या घराला पाडू नकोस.
मी म्हणालो, फोटो मिळाला की सगळे शांत होतील. चादर धुऊन ठेवली.

१९ फेब्रुवारी
आज एक कबूतर आलं होतं! समोरच्या इमारतीवर बसलं. फोटो काढला. मोठा करून पाहिल्यावर ती पाण्याच्या टाकीची तोटी निघाली.
नऊ दिवस राहिले. झोप लागत नाही. डोळे मिटले की मामा आकडे म्हणतो.

२० फेब्रुवारी
मॉडेल पाच वाया. मसाल्याची बरणी आणि दोन चमचे, दिसायला सगळ्यात सुबक, पण ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर मावतं आणि तिथे स्टूल ठेवायला जागा नाही. देखरेखीशिवाय फीडरचा उपयोग काय? वहिनीला देऊन टाकलं. तिने हसून टांगलं.

२३ फेब्रुवारी
वहिनी सकाळी म्हणाली, चिमण्यांच्या कलकलाटाने कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. कुठल्या चिमण्या, विचारलं. म्हणाली, खिडकीतल्या.
लगेच धावत गेलो. एकही नव्हती. तिला शांतपणे समजावलं, की ताणामुळे कानात असे आवाज येतात.

२४ फेब्रुवारी
वहिनीने मोबाइल पुढे केला. फोटो. बरणीवर पाच चिमण्या, चमच्यावर एक बुलबुल, चोचीत दाणा. दाण्याची कडसुद्धा स्पष्ट.
मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग विचारलं, तारीख आहे का यावर? पक्षी इथलेच आहेत का? ती म्हणाली, नाही हो, भाड्याने आणलेत.
फोटो तिरका आहे आणि बुलबुलाची शेपटी कापली गेली आहे. माझ्या हातून असा आला नसता. तरी वेळ कमी असल्यामुळे चालवून घेतो.
नर्सरीवाले खूश! चाळीस नक्की, उठाव झाला तर आणखी चाळीस. मामाकडे जाणं रद्द. दादाला पेढे... दादाला बिस्किटं नेली. त्याने पाठीवर थाप मारली. ही थाप मला लहानपणी सायकल आली तेव्हा मिळाली होती, त्यानंतर आजच.

२५ फेब्रुवारी
नर्सरीवाल्यांनी नमुन्याचे तीन फीडर दारातल्या झाडाला टांगले. गिऱ्हाइकांना तांत्रिक माहिती देता यावी म्हणून मी आपणहून शेजारी स्टूल टाकून बसलो. त्यांनी बोलावलं नव्हतं. कर्तव्य बोलवायची वाट पाहत नसतं.
दुपारपर्यंत एकही पक्षी नाही. दोन गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून गेली. मग मालकांनी मला चहा सांगायला पाठवलं. आलो तर ते हाताची घडी घालून झाडाकडे बघत होते. म्हणाले, आता होते की हो, दहा-बारा. तुम्ही कोपऱ्यावर वळलात आणि भर्र.
मग त्यांनी मला खतं आणायला पाठवलं. मग सुटे पैसे. मग काहीही कारण नसताना नुसतं, जरा पलीकडे जाऊन या बघू. प्रत्येक वेळी परत आलो की ते मान हलवायचे. शेवटी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, माल फर्स्टक्लास आहे, राग मानू नका, पण मालाजवळ तुम्ही नको.
योगायोग एवढा वाढवून सांगायचं कारण नव्हतं.

२६ फेब्रुवारी
घरात बैठक. मालकीणबाईही होत्या. त्यांनी फोटो पाहिला होता आणि चादरींचं दुःख विसरल्या होत्या. म्हणाल्या, माझ्या मागच्या अंगणात करा काम, मी बाटल्या कापते, ही भोकं पाडेल, निम्मे-निम्मे. गॅलरीतले फीडर पण नंतर तिकडे आंब्याच्या झाडावर लावू. फोटो लागत राहणार, नर्सरीवाल्यांना दर नमुन्याचा हवाय.
मी विचारलं, माझ्याकडे कुठलं खातं?
वहिनी टेबलावरचे टोस्टचे कण गोळा करत होती. मालकीणबाई म्हणाल्या, बाळा, तू घरात असलास की ते येत नाहीत रे.
दादा म्हणाला, मामाला फोन केलाय.
मी म्हणालो, मी आतल्या खोलीत बसेन. दार लावून. दादा म्हणाला, तू बसशील का, खरं सांग. मी विचार केला. नाही बसणार. बघायला येईनच.

२८ फेब्रुवारी
वहिनीला सगळं शिकवलं. स्क्रूड्रायव्हर किती तापवायचा, कडा किती घासायच्या, सोड्याने तीनदा धुवायचं, दोनदा नाही. तिने सगळं लिहून घेतलं आणि एकदाही हसली नाही. तिने हसावं असं मला वाटत होतं.
दादाच्या बुटांना नव्या नाड्या घातल्या.

१ मार्च, बसमध्ये
निघालो. दादा स्टँडवर येत होता, मी नको म्हणालो. कोपऱ्यावर आल्यावर आठवलं, टॉवेल गॅलरीत राहिला. मागे वळून पाहिलं.
गॅलरी भरली होती. कठड्यावर, स्टुलावर, माझ्या टॉवेलवर. चमच्यावर जागेसाठी भांडण चाललं होतं. एक जण चक्क उलटा लटकून खात होता. दांड्याची लांबी मी बरोबर धरली होती.
मोबाइल काढला. इथून फोटो अंधुकच येणार. टॉवेल आणायला वर गेलो असतो तर सगळे उडाले असते. बस सुटायला वेळ होता, तेवढा वेळ तिथेच उभा राहिलो. मग टॉवेल न घेता आलो.

हिशेब. खर्च: बाजरी १४०, काचपेपर २०, नाड्या ३०, बिस्किटं २५, नवा टॉवेल (मामाच्या गावी घ्यावा लागेल) अंदाजे ८०.
देणे: वहिनीला चमचे, गाळणी, पिठाचा डबा आणि चादर मिळून ४१०. दादाला बसचं तिकीट ९५. मालकीणबाईंना साबण ४०, त्यांनी मागितले नाहीत.
येणे: वहिनी म्हणाली नगामागे दहा पाठवेन. मी नको म्हणालो, प्रत्येक नमुन्याचा एक फोटो पाठव.