अमावास्येचं व्याख्यान

पेण, ता. ५ फेब्रुवारी १९३५

तीर्थरूप बाबांना चांगदेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे, कचेरीचं काम बरं चाललंय. आयचा खोकला थांबला का?

आमच्या सेवा मंडळात रविवारी मुंबईचे डॉक्टर बोलले. विषय होता मिठागरात पायांना पडणाऱ्या चिरा. दिवस मीच ठरवला. सुट्टी पाहिली, अमावास्या पाहिली नाही. अमावास्येचं उधाण म्हणून मिठागरांतली सगळी माणसं बांध राखायला गेली. ऐकायला बसले दुकानदार आणि कारकून.

डॉक्टरांनी विचारलं, "इथं कुणाच्या घरी असे पाय आहेत का?"

तुमचे पाय डोळ्यांपुढे आले. मी उठलो आणि आभार मानून सभा संपवली.

नंतर त्यांच्याकडून मलम मागून घेतलं, ओळखीच्या एका माणसासाठी म्हणून. ते पाठवतोय. बाबा, लावाल ना?

तुमचाच,
चांगदेव