पुट्टस्वामी सरांचा जिना

५ जानेवारी
अक्काने शेवटी अट घातलीच — योग टिकवलास तर म्हैसुरात राहा, नाहीतर सिरसीला मामाच्या सुपारीच्या वखारीत जा. पॉलिटेक्निक सोडलं, केटरिंग सोडलं, तबला सोडला... "आता श्वास तेवढा सोडायचा राहिलाय," म्हणाली.

पहाटे पाचला योगशाळेच्या जिन्यावर बसायचं. आत एक जागा रिकामी झाली की पुट्टस्वामी सर ओरडतात, "पुढचा!" अगदी न्हाव्याच्या दुकानासारखं.

६ जानेवारी
नुसते सूर्यनमस्कार! मला वाटलं होतं डोक्यावर उभं करतील. सर म्हणाले, "आधी पायांवर उभा राहा. ते तरी जमतंय का बघू."

९ जानेवारी
सगळं दुखतंय. शिंकायचीसुद्धा भीती! शेजारी फिनलंडच्या आयनोबाई, साठीच्या असतील — दोन्ही पाय मानेमागे टाकून निवांत. बघता बघता तोल गेला नि पडलो, त्यांच्यावरच. पाय न काढताच विचारलं त्यांनी, "लागलं नाही ना, बाळा?"

अक्काला आज म्हटलं, वखार तरी बरी. म्हणाली, "फोन लावू मामाला?" पहाटेचा गजर लावला.

१२ जानेवारी
पुढचं आसन द्या म्हटलं. सरांनी धरून पंचा पिळावा तसं पिळलं मला!
"रात्री काय हाणलंस?"
"इडली, सर."
"इडली बें-बें करतेय होय रे?"
अख्खी खोली हसली. आसन मिळालं नाहीच. मटण मात्र फक्कड होतं.

१५ जानेवारी
संक्रांत. अक्काने हातावर तीळ, गूळ, खोबरं ठेवलं — "आज तरी गोड बोल."

माझा दोस्त लोकीचा फोन. रविवारी पहाटे बाईकवरून गोकर्ण! "नागू, रोज तेच ते नमस्कार घालत काय सडतोस?" खरंच की. अजून तेच! समुद्र बघून किती दिवस झाले. वाटेत जोगचा धबधबाही करू.

१७ जानेवारी
पिशवी भरली. अक्काला बोललो नाही. वखारीचं पुढे बघू. उद्या पहाटे पाच, बेकरीपाशी. सुटलो!

१८ जानेवारी
पहाटे जिन्यावर चटई मांडीवर घेऊन बसलो होतो. बराच वेळ "पुढचा!" ऐकूच येईना. सर दूध घ्यायला खाली आले, थबकले. "अरे नागू, आज अमावास्या. सुट्टी असते! जा, झोप जा."

घरी आलो. पिशवीत फोन वाजत होता, लोकी शिव्या घालत होता — तेव्हा आठवलं, मला गोकर्णला जायचं होतं.