फ्लॉप्या चोवीस, मजकुरासह चालू

१७ एप्रिल २०००
बदलीचा आदेश आला. अखेर! आपसी बदली: मी पुसेगावकडच्या शाळेत, तिथले राठोड सर इथे डोंगरकड्याकडे. दोन्ही शाळा एकाच संस्थेच्या. चार वर्षं अर्ज करतोय. सुनंदा तिकडच्या उपकेंद्रात नर्स, पिंकी तिच्याजवळ, आणि मी इथे एका खोलीत स्टोव्हशी भांडत. पिंकी जूनमध्ये पहिलीत जाणार. पहिल्या दिवशी बोट धरून मीच नेणार. आज वर्गात कुणावर ओरडलो नाही, पोरं घाबरली.

१९ एप्रिल
हेडसर : "काहून एवढी घाई करून राहिले? आधी चार्ज बराबर द्या. मग सोडतो."
चार्ज म्हणजे माझ्या नावावरचं सगळं सामान राठोडांच्या नावावर करणं. नकाशे ११, पृथ्वीचा गोल १ (आसातून निखळलेला), आणि कॉम्प्युटर. डेडस्टॉक रजिस्टर काढलं. माझंच वळणदार अक्षर : 'संगणक १, ड्राइव्ह १, फ्लॉप्या २४, मजकुरासह, चालू.'
'मजकुरासह, चालू' लिहायला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. नुसतं 'फ्लॉप्या २४' पुरलं असतं. पण तेव्हा जिल्हाभरात मीच एक शहाणा!

२० एप्रिल
दोन वर्षांनी कपाट उघडलं. कीबोर्डमध्येच सगळं यंत्र, तो टीव्हीला जोडायचा. शेजारी ड्राइव्हचा डबा. यंत्र सुरू झालं, पट्ट्या दिसल्या, जुनी ओळखीची 'टुं' वाजली. गहिवरून आलं, खरंच. फ्लॉपी घातली. ड्राइव्हने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि गप्प.

२१ एप्रिल
कळमनुरीचा रेडिओवाला ड्राइव्ह उघडून बघतो. "वाचायचं हेडच गेलं सर. ह्याचा सामान कुठंच भेटत न्हाई आता."
हेडसरांना म्हटलं, 'चालू' शब्द खोडू, शेजारी सही करा. "रजिस्टरात खाडाखोड? माह्या सहीनं? न्हाई बा." त्यांचं तरी काय चुकतं. ८८ ते ९३ ची दाखलखारीजची मूळ वही छत गळून भिजली, नुसता लगदा. त्या सहा वर्षांत दाखल झालेली लेकरं : नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं या चोवीस काळ्या पाकिटांत आहे. मीच टंकलेलं. वही भिजली त्या दिवशी मीच छाती काढून म्हणालो होतो, "काळजी करू नका सर, कॉम्प्युटरात आहे." कागदावर उतरवायचं मात्र राहिलं. आज करू, उद्या करू.

२४ एप्रिल
रविवारी तिकडे जाऊन आलो. सु. : "चार वर्षं झाली. पोरगी शेजारणीला इचारते, बाबा कोणत्या वारी असतात? यंदा न्हाई आलात तर मी बदली मागून माहेराकडं परभणीला जाते. मग फिरा तुमी परभणीच्या गाड्या." भांडली नाही, शांतपणे सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. पिंकीने निघताना हात हलवला, पाहुण्याला हलवतात तसा.

२८ एप्रिल
हिंगोली. एका संगणक वर्गात अजून मोठ्या फ्लॉपीचा ड्राइव्ह असलेलं जुनं मशीन आहे. वर्गाच्या मॅडम चांगल्या. फ्लॉपी घातली. पडद्यावर आलं : ही फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही, करू का?
मॅडम : "कोरीच दिसते सर. करून टाकू फॉरमॅट?" बोट कळीवर टेकलेलं. मी त्यांचं मनगट धरलं! परक्या बाईचं. सगळा वर्ग बघतोय. माफी मागितली चारदा.
मग त्यांनीच समजावलं. पाकीट तेच, भोक तेच, खाच तीच. पण आमच्या यंत्राची लिहायची पद्धत वेगळी आणि इथल्या मशीनच्या डॉसची वेगळी. त्याला आमचं लिखाण लिखाण वाटतच नाही. भरलेल्या वहीला कोरी म्हणतो. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर खाच होती, ड्राइव्ह नव्हता.
परतीच्या गाडीत उभा. चोवीस फ्लॉप्या मांडीवर नाही, छातीवर. चिडचिड. कुणावर तेही कळत नाही.

३ मे
शाळा सुटली, सगळे गावी गेले. मी इथेच. चार्ज दिल्याशिवाय सुटका नाही, फ्लॉपी उघडल्याशिवाय चार्ज नाही, ड्राइव्हशिवाय फ्लॉपी नाही, आणि तो ड्राइव्ह आता कुठे बनतच नाही. खोलीत पंखा फिरतो, मी त्याच्याखाली. रजिस्टरातलं एक ओळभर अक्षर माणसाला असं बांधून घालतं. शाईच ती, तोडता येत नाही.

६ मे
राठोड सर स्वतः आले. पन्नाशीचे, पांढऱ्या धोतर-सदऱ्यातले असतील असं वाटलं होतं. निघाले सफारीवाले, हसरे. आई इथल्या तांड्यावर, डोळे गेलेत तिचे. अकरा वर्षं ते तिकडे. "तुमाला जेवढी घाई, तेवढीच मलेबी हाय सर." सगळं सांगितलं. मांडी ठोकून म्हणाले, "आमच्या शाळेतबी तेच यंत्र हाय की! दोन्ही शाळेला एकाच साली आलं. ड्राइव्ह ठणठणीत. घेऊन येतो."
त्यांना मिठी मारावीशी वाटली.

१० मे, सकाळ
राठोड ड्राइव्ह घेऊन आले, गोधडीत गुंडाळून, गाडीत मांडीवर. माझ्याकडे ठेवून आईकडे तांड्यावर गेले. हेडसर अकराला येणार. मी आधीच जोडून बघतोय.
पहिली फ्लॉपी. फाइलींची यादी मागितली. आली! दाखल८८, दाखल८९, सगळी नावं, माझीच दिलेली. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.
मग दाखल८९ उघडायला गेलो. डिस्क फॉल्ट. दुसरी फाइल. डिस्क फॉल्ट. दुसरी फ्लॉपी, तिसरी. यादी दिसते, आत एक अक्षर नाही.
ड्राइव्ह उलटा केला. मागे चिठ्ठी : चाळीस ट्रॅक. आमचा गेलेला होता ऐंशीचा. आमच्या फ्लॉपीवर ऐंशी बारीक रेघांत लिहिलंय, याच्या हेडला चाळीस जाड रेघाच कळतात. पहिली रेघ दोघांचीही एकाच जागी, आणि यादी नेमकी पहिल्या रेघेवर. म्हणून नावं तेवढी दिसतात.
साडेदहा.

१० मे, संध्याकाळ
लिहितो. कुठेतरी लिहायला हवं.
हेडसरांनी यादी बघितली. "वा! चालू हाय की. उगाच भेडसावून राहिले होते आमाला." दुसरी दाखवली, तिसरी दाखवली. चौथीला ते म्हणाले, "पुरे हो." राठोड म्हणाले, "एखादं नाव उघडून पाहावं का सर?" हेडसर : "कशाला? चहा गार होऊन राहिला."
राठोडांनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे.
त्यांनी सही केली. मी केली. दुपारी तीनला कार्यमुक्त.

१३ मे
आता इकडचा चार्ज माझ्याकडे. राठोड त्यांचा ड्राइव्ह परत घेऊन स्वतः द्यायला आले होते. त्यांची प्रत्येक फ्लॉपी त्यांनी उघडून दाखवली. अठरा. मी म्हणत होतो राहू द्या, राहू द्या. "न्हाई सर, तुमी सही करून राहिले. डोळ्यांनी पाहून घ्या." दोन तास. एकेका पोराचं नाव वाचून.
घरी आलो तर सु. विचारते, "आता तर आलात, मग तोंड असं काहून?"

१२ जून
पिंकीचा पहिला दिवस. बोट धरून नेलं. दारात रडली, मग सोडलं बोट. हे मला हवं होतं, आणि हे मिळालं. खूप छान दिवस. खूप.

२८ जून
राठोडांचं पत्र. तांड्यावरच्या एका सुनेला अंगणवाडीच्या जागेसाठी शाळेचा जन्मतारखेचा उतारा हवाय. ती ९०ला पाचवीत दाखल झालेली. लिहितात : 'फ्लॉप्या इथे आहेत, पण चालता ड्राइव्ह तर तुमच्याकडे. शनिवारी फ्लॉप्या घेऊन मीच येतो, अर्ध्या घंट्याचं काम. मुलाखत बुधवारी आहे. हेडसर रागावले आहेत. मला म्हणतात, सामान मिळाल्याची सही तुमची आहे. मी म्हटलं, सरांनी दिलंय ते बराबरच असणार.'

२९ जून
उत्तर लिहायला बसलो. 'प्रिय राठोड सर' याच्यापुढे सरकलं नाही. सु.ला सांगितलं सगळं. ती भाजी निवडत होती. मग : "त्या माणसाची माय आंधळी हाय ना?" एवढंच. तिनं शिव्या घालाव्यात म्हणून थांबलो, तिनं घातल्या नाहीत.
तिथेच अडकून पडायची भीती होती. आता कुठेही गेलो तरी तेच.

१ जुलै, शनिवार
सकाळपासून वाटेवर नजर. शाळेतून ड्राइव्ह आणून टेबलावर मांडला, का ते माहीत नाही. आतलं काही वाचता येतच नाही, त्यांना काय दाखवणार. त्या सुनेच्या बापाला विचारून, आईला विचारून तारीख शोधता येईल का; हेडसरांना मी लिहून देऊ का, की सही फसवून घेतली; माझी नोकरी; पिंकी. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.
दहाची गाडी आली. राठोड उतरले. सोबत एक बाई, डोक्यावर पदर, हातात कागदांची पिशवी. त्या सुनेलाही घेऊन आलेत. फाटकाशी थांबून चपला काढतायत. मला बघून हसले, हात वर केला.
पिंकी पळत दार उघडायला गेली आहे. मी तिला थांबवलं नाही, आणि अजून उठलोही नाही.