देवाचा मध, पायाचा मध

कोलशेत, ठाणे
दसऱ्यानंतरचा मंगळवार

ती. रमावन्सं यांना जयाचा वाकून नमस्कार.

तुमची खुशाली तुमच्या सूनबाईकडून, करिश्माकडून, कळत असते. तुम्ही रोज सकाळी उल्हास नदीपर्यंत चालत जाता आणि गुडघे जराही कुरकुरत नाहीत, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. (का, ते पुढे येईल.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचे बंधू दिवसभर हॉलमध्ये पाय स्टुलावर ठेवून बसलेले असतात आणि त्यांच्याबद्दल बोललेलं त्यांना टीव्ही चालू असतानाही ऐकू येतं. (त्यांना उद्देशून बोललेलं मात्र येत नाही.)

आषाढात स्कूटर स्टँडला लावताना यांच्या घोट्याला लागलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. लागलं होतं एवढंसं. पण यांची साखर पडली हट्टी. रुपयाएवढी जखम, श्रावण लागला तरी मिटेना. नौपाड्याच्या दवाखान्यात पट्टी बांधायला कल्पिता नावाची सिस्टर आहे, गुणी मुलगी. ती डॉक्टरांना विचारून म्हणाली, काकू, मधाची पट्टी करून बघू, रेंगाळलेल्या जखमेला कधीकधी गुण येतो. जखमेसाठी शुद्ध केलेला मध ट्यूबमध्ये मिळतो, तो आणा. मी मान हलवली. मनात म्हटलं, सत्यनारायणाला तुम्ही दिलेली मधाची अख्खी बाटली देवघरात असताना ट्यूब कशाला?

अडचण एकच होती. ज्या बाटलीतून पंचामृताला मध घ्यायचा, त्याच बाटलीतून पायाला कसा लावायचा? म्हणून मी आंघोळ करून, देवाची क्षमा मागून, अर्धा मध लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत काढला आणि दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, 'देवाचा' आणि 'पायाचा'. बरणी मी तीनदा धुतली होती, तरी यांचं म्हणणं, पाय झोंबतोय आणि लिंबाच्या लोणच्याचा वास येतोय. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. पलंगाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले (त्या दिवशी आमटी पेल्यातून प्यायलो), तर मुंग्या भिंतीवरून आल्या. तिसऱ्या दिवशी कल्पिताने पट्टी सोडली, नाक जवळ नेलं आणि माझ्याकडे बघितलं. "काकू, काकांना मुरायला घातलंय का?" मग घरातला मध उघड्या जखमेवर घालायचा नसतो, त्यात नको ते जंतू असू शकतात, हे तिने मला बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या देखत समजावलं. चूक माझीच होती. येतानाच ट्यूब घेतली.

पायाची बरणी मात्र फडताळात ठेवून दिली. मध का कोणी टाकतं? शिवाय पायाचा म्हटल्यावर तो कोणी खाणार नाही, अशी माझी समजूत.

आता पट्टी ती म्हणेल तशी होऊ लागली. दर सोमवारी ती जखमेचं माप सांगायची आणि मी ते माझ्या वहीत दुधाच्या पानामागे लिहून ठेवायची. माप काही हलेना. डॉक्टर म्हणाले, दसऱ्यापर्यंत वाट बघू, नाहीतर मांडीची कातडी काढून लावावी लागेल. वन्सं, ते ऐकून यांनी त्या दिवशी जेवताना मीठ कमी आहे असंसुद्धा म्हटलं नाही, यावरून काय ते समजा. मी गणेश चतुर्थीला देवापुढे बसले आणि नवस बोलले, यांचा पाय बरा होऊ दे, हे तुमच्या शहाडपासून टिटवाळ्यापर्यंत अनवाणी चालत तुझ्या दर्शनाला येतील. (बोलले मी, चालायचं यांनी. आमच्या घरात कामं पहिल्यापासून अशीच वाटलेली आहेत.)

त्यानंतर साखर तपासली तर ती उतरायच्या ऐवजी वर. मी भात बंद केला, चहा बिनसाखरेचा केला, शेजारच्या रतनवहिनींना ताकीद दिली की यांच्यापुढे लाडवाचं नावही काढू नका. तरी साखर वरच. आणि एका दुपारी भजनाहून लवकर परत आले, तर हे फडताळापाशी एका पायावर उभे, हातात पोळीची सुरळी, मिशीला मध.

"अहो, तो पायाचा आहे."

"मग पायासाठीच खातोय. बाहेरून तुझी ट्यूब, आतून हा."

"साखर वाढते त्याने. जखम कशी भरेल?"

"आणि भरून करू काय? सात-आठ किलोमीटर अनवाणी? जखम आहे तोवर रिक्षा तरी मिळते."

एकतीस वर्षांत या माणसाने भीती वाटते असं कधी म्हटलेलं नाही, तेव्हाही म्हणाले नाहीत. पण दुखरा पाय दुसऱ्या पायामागे दडवला होता. मी म्हटलं, नवसाचं मी बघते, तुम्ही मधाचं सोडा. त्यांनी सुरळी माझ्या हातात दिली. (मी ती खाल्ली. लोणच्याचा वास खरोखरच येतो.)

त्यानंतर वहीतले आकडे उतरू लागले. रुपयाचा पावटा झाला, पावट्याची मसुराची डाळ झाली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी कल्पिता म्हणाली, मिटली काकू. आम्ही दोघं दसऱ्याला तिला सोनं द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की साखरवाल्या माणसाने अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. हे माझ्याकडे बघून असे हसले, की पट्टी परत बांधावीशी वाटली.

सगळ्यांना माझे यथायोग्य सांगा. थांबते आता, यांनी टीव्हीचा आवाज कमी केलाय.

तुमची,
जया

ता. क. : गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, नवस ठेवून देऊ नका. रक्ताच्या माणसाने फेडला तरी पोचतो. मी पडले बाहेरून आलेली. आमच्या संदेशला बंगळुरूहून रजा नाही. यांच्या सख्ख्यांत तुमच्याशिवाय आहे कोण? संकष्टी आठवड्यावर आली आहे, आणि तुमच्याकडून टिटवाळा म्हणजे मध्ये एकच स्टेशन, आंबिवली. सकाळी तुमच्या हातचा चहा घेऊन निघू. मी बरोबर चालेन, चपला घालून, कारण नवसात माझं नाव नाही. हे मागून रिक्षाने येतील.

पुन्हा ता. क. : तुमच्या टाचांना भेगा आहेत, ते माझ्या लक्षात आहे. अजिबात काळजी करू नका. ट्यूब अर्धी उरली आहे, ती घेऊनच येते.